तुमच्या बंधूंना मी पाडलं, त्याबद्दल

अंबरपेठ, हैदराबाद
रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप आक्कांना भामाचा अगदी खाली वाकून नमस्कार. (आता मला गुडघे न वाकवता जमिनीला हात टेकवता येतात. ते कसं, हे पुढे येईलच.)

इकडे आम्ही सगळे सुखरूप. भाऊजींचा खोकला थंडीबरोबरच गेला असेल अशी आशा करते. नसेल तर ओव्याची पुरचुंडी छातीशी धरायला सांगा, आणि ते ऐकत नसतील तर हेडमास्तरीणबाईंच्या आवाजात सांगा. तुमच्या शाळेतल्या जुन्या मुली अजूनही तुम्ही दिसलात की स्कूटीवरून खाली उतरतात, असं परवा उदगीरच्या लग्नाहून परतलेलं कुणीतरी सांगत होतं. ऐकून बरं वाटलं. इथे हैदराबादेत लोक रेडा आडवा आला तरच उतरतात.

त्याच लग्नात तुम्हाला कुणीतरी फोटो दाखवला आणि तुम्ही फोनवर विचारलंत की एकनाथच्या हाताला प्लास्टर कशाचं. तेव्हा हे माझ्या शेजारीच शेंगा सोलत बसले होते, म्हणून मी 'पडले होते, आता बरे आहेत' एवढंच बोलून फोन तेजश्रीकडे दिला. पडले होते हे खरंच आहे, पण आपोआप पडले नाहीत. आक्का, त्यांना मी पाडलं. मुद्दाम नाही, पण पाडलं मात्र चांगलं. तुमच्या धाकट्या भावाला त्याच्या बायकोनं बेगम बाजारात भर दुपारी मिरच्यांच्या पोत्यांवर पाडलं, ही बातमी दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत येण्यापेक्षा माझ्याकडूनच आलेली बरी. (तिखट तिच्यात आधीच भरपूर आहे.)

सुरुवातीपासून सांगते. हे निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता सकाळी फिरायला जातील, पेपर वाचतील, दुपारी जरा झोपतील. पण आयुष्यभर ज्या माणसानं ऑफिसातल्या लोकांवर देखरेख केली, त्याला देखरेख करायला घरात मीच उरले. भेंडी आडवी चिरावी की उभी, गॅसची ज्योत निळी आहे की पिवळी, धोब्यानं टॉवेल मोजून दिले की नाही, सगळ्यावर त्यांचं लक्ष. त्यातच आपल्या तेजश्रीला हायटेक सिटीकडे नोकरी लागली. तिला घरी यायला दिवेलागण उलटून जाते. एक दिवस तिच्या मैत्रिणीच्या हातातला फोन मोटारसायकलवाल्यानं ओढून नेला, आणि हे ऐकून ह्यांचं जेवणात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की तेजश्री कराटे शिकणार. तेजश्रीला ते पेपर वाचून कळावं तसं कळलं.

पण हे कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय घरात आणत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. (लग्नात माझ्या माहेरच्या मंडळींना फ्रिजमागची जाळी उघडून दाखवायला लावली होती.) नारायणगुड्याला एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी क्लास चालतो, तिथे आम्ही तिघं गेलो. शिकवणाऱ्या ऋचा मॅडम तेजश्रीच्याच वयाच्या, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारख्या. हे इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या खुर्चीत बसले, हाताची घडी घालून सगळा तास पाहिला, आणि शेवटी उठून म्हणाले की तुमच्या मुलांची शिस्त उत्तम आहे, कपडे स्वच्छ आहेत, पण रस्त्यावरचा गुंड काही आधी वाकून नमस्कार करत नाही, तेव्हा या सगळ्याचा प्रत्यक्षात उपयोग किती, ते सांगा.

मॅडमना राग आला नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बात तो सही है अंकल. आप पकडो मेरेकू."

परक्या मुलीचा हात धरायचा म्हणून ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ह्यांनी मनगट धरलं, आणि पुढच्या क्षणी ते गादीवर उताणे पडून छताच्या पंख्याकडे पाहत होते. लागलं काहीच नाही. मॅडमनी कॉलर धरून त्यांना पाळण्यात बाळ ठेवावं तसं खाली ठेवलं होतं. समोर बसलेल्या सात-आठ वर्षांच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेजश्री तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली. बाहेर येऊन म्हणाली, "पप्पा, मेरा शिफ्ट रहता ना, मला नाही जमणार. तुम्हीच जॉईन व्हा. तुम्हाला टाइम पण आहे."

रिक्षात हे हाताची घडी घालून बाहेर पाहत बसले. मला वाटलं अपमान झाला. घर जवळ आल्यावर एकदम विचारलं, तिनं पाय कुठे ठेवला होता ते तू पाहिलंस का. मी पाहिलं नव्हतं. त्या वेळी मी ह्यांची पॅन्ट उसवली की काय हे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी हे स्वतःच नाव घालून आले. आक्का, तुमचे बंधू वयाच्या साठीत पांढरा ड्रेस आणि पांढरा पट्टा बांधून पोरांच्या मागच्या रांगेत उभे राहिले. ड्रेस जाड कापडाचा असतो आणि मॅडमनी ठोसा मारला की त्याचा फाट असा आवाज येतो. ह्यांचा येईना. ते उदास झाले. मी एकदा सवयीनं त्या ड्रेसला भातपेजेची कांजी घातली, साडीला घालतो तशी. त्या दिवशी पहिल्याच ठोशाला असा काही आवाज निघाला की पुढची पोरं वळून पाहायला लागली. हे घरी येऊन म्हणाले, आज काहीतरी जमलं. मी कांजीचं सांगितलं नाही. अजूनही दर सोमवारी घालते. (तुम्हीही सांगू नका.) मग तो ड्रेस घालून दूध आणणं सुरू झालं, फ्रिजचं दार पायानं लावणं सुरू झालं, आणि पोळ्या वाढताना 'आणखी एक' म्हणायच्या ऐवजी जपानी आकडे येऊ लागले. तेजश्रीनं कामाच्या मीटिंगमधून दोनदा हात जोडून इशारा केला की पप्पांची ती आरोळी तिकडे सगळ्यांना ऐकू जाते आहे. ती आरोळी म्हणजे किआई. पोटातून काढायची, मॅडम म्हणतात की सगळ्यात आधी तीच शिकायची. मी काढून पाहिली की हे हसायचे आणि कुकरची दुसरी शिट्टी झाली म्हणायचे.

इथवर ठीक होतं. पण ह्यांना शिकण्याहून शिकवण्याची हौस जास्त. संध्याकाळी नारायणगुड्याला जे शिकायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गच्चीवर कॉलनीतल्या बायकांना शिकवायचं, असा उपक्रम निघाला. बायका आल्याही. पापड वाळत घालायला गच्चीवर यायच्याच, त्यात हेही. सगळ्यात नेमानं यायच्या त्या वरच्या मजल्यावरच्या पार्वतीबाई. त्यांचे यजमान नागोराव रेल्वेत आहेत, माणसं मूळची नांदेडकडची. जिन्यात भेटलो की त्यांचा जयभीम आणि माझा रामराम एकदमच होतो आणि मग दोघी हसतो. पार्वतीबाई सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत, ड्यूटी बदलती, येणं-जाणं वेळी-अवेळी. त्या हसायला किंवा वेळ घालवायला येत नव्हत्या, शिकायला येत होत्या.

वर्गात मी सगळ्यांबरोबर शिकायचे आणि वर हल्लेखोराचं कामही माझ्याकडे. चोर मीच, गुंड मीच, बसमध्ये धक्का देणारा मीच. आणि त्यातही ह्यांच्या तक्रारी. मी मनगट घट्ट धरलं की म्हणायचे, एवढं घट्ट कुणी धरत नाही. सैल धरलं की म्हणायचे, मनापासून धर. अंगठा वर ठेवला की खाली हवा, खाली ठेवला की वर. एकूण माझ्याइतका आज्ञाधारक गुंड हैदराबादेत दुसरा नसेल. एक दिवस पार्वतीबाईंनी हे सगळं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, राग मानू नका. पण त्यानं असं धरलंच नाही तं? खरंच उपेग हुतो का याचा?"

ह्यांनी मान डोलावली, काहीतरी उत्तर दिलं, पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही. तो प्रश्न त्यांना लागला. दोन दिवस म्हणत राहिले की ती बाई रोज एकटी बसस्टॉपवर उभी राहते, मी तिला भलता धीर देऊन पाठवत असलो तर. आक्का, ह्यांच्याबद्दल मी हसून लिहिते आहे, पण हे म्हणताना त्यांचा चेहरा अगदी तुमच्या आईंसारखा झाला होता, पाहुण्यांना भाजी पुरेल की नाही या काळजीतला. ती काळजी खरी होती. तिच्यावर त्यांनी काढलेला उपाय मात्र सर्वस्वी त्यांचा.

वर्षाचं तिखट करायचं म्हणून मी आणि पार्वतीबाई बेगम बाजारात गेलो होतो. हे सकाळीच बँकेत जातो सांगून निघालेले. मिरचीच्या गल्लीत एका दुकानापुढे उघडी पोती मांडलेली, मी वाकून मिरची मोडून वास घेत होते. पार्वतीबाई म्हणाल्या, बाई, त्या माणसाला बघा, एवढ्या उन्हात थंडी वाजायलीय. मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काळं जाकीट, मंकी कॅप, मास्क आणि काळा चष्मा घातलेला एक इसम आमच्या मागे मागे येतो आहे हे दिसलं असतं, आणि जाकीट तेजश्रीचं आहे हेही कळलं असतं. मी भाव करण्यात गुंतले होते. तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावरची पर्स ओढली आणि माझं मनगट धरलं.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आधी आवाज निघाला. तो माझा होता हे मला नंतर कळलं. कुकरची शिट्टी नव्हे, वन्य जनावराचा म्हणावा असा. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग हात आपोआप फिरला, पाय मागे गेला, आणि तो माणूस माझ्या अंगावरून नव्हे पण बाजूनं, चांगला लांब जाऊन मिरचीच्या पोत्यांवर पडला. हे नंतर म्हणतात की मी कोणत्या बाजूला ओढणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे त्या बाजूला तोल सांभाळून ते तयार उभे होते. मी नेमकं दुसऱ्या बाजूला ओढलं. पोतं फुटलं. गल्लीत लाल धूर झाला. गिऱ्हाइकं, हमाल, मुनीम, सगळे एकदम शिंकू लागले आणि शिंकता शिंकताच 'चोर, चोर' ओरडू लागले.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं तेव्हा नव्हतं. लोकांनी त्यांना घेरलं. दोघा-तिघा तरुण पोरांनी जाकिटाला धरून उभं केलं. एकानं हात उगारला होता. मास्क निघाला, कॅप निघाली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घशात तिखट गेल्यानं शब्द फुटत नव्हता. हे नुसतं "भा... भा..." करत होते. कुणीतरी म्हणालं, बकरी का जैसा कर रा. मी पाहिलं. चेहरा लाल, सुजलेला, ओळखू येणार नाही असा, पण मध्ये नाक तुमच्या घराण्याचं. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही.

मी गेले, आक्का, आणि ह्यांच्या पुढे उभी राहिले, गच्चीवर राहतो तशी, आणि दुसऱ्यांदा ओरडले. या वेळी मुद्दाम. तो उगारलेला हात तिथेच राहिला. बाजूला पाहते तर पार्वतीबाई माझ्या शेजारी, चिंचेची पिशवी काखेत आणि दोन्ही मुठी वर. मग दुकानाचे सेठ गल्ल्यावरून उठून आले आणि म्हणाले, "अम्मा, तुमीच पटके ना इसकू? फिर बचा रे कायकू? कौन लगता ये तुमारा?"

मी म्हणाले, "घरवाले हैं मेरे."

एक शिंक ऐकू आली. मग जे हसणं सुटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. एक हमाल शेजारच्याला सांगत होता की ही बाई घरवाल्याला असं मारते, तर चोराला कसं मारत असेल. सेठनी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, ह्यांना बसायला पाटी उलटी करून दिली. ज्या पोरानं हात उगारला होता त्यानंच रिक्षा आणून दिली आणि ह्यांना अंकल, अंकल करत आत बसवलं. पडताना ह्यांनी हात टेकला होता, तो मनगटात मोडला होता. पार्वतीबाईंच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा हे म्हणाले, घसरलो. पार्वतीबाई आणि मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभ्या राहिलो.

त्यानंतर ह्यांनी क्लास सोडला. नारायणगुड्याचाही आणि गच्चीवरचाही. ड्रेस घडी करून कपाटात गेला. मला वाटलं, बायकोनं पाडलं म्हणून रुसले. मी चिडवूनही पाहिलं. मग एका दुपारी, मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते (एका हातानं जमत नसे), तेव्हा ते म्हणाले, "भामा, ते लोक मारायला आले ना, तेव्हा मला एकसुद्धा गोष्ट आठवली नाही. हात वर करायचंही सुचलं नाही. मी काय शिकवत होतो बायकांना?"

मी बटणं लावली. आणि संध्याकाळी एकटीच नारायणगुड्याला गेले. ऋचा मॅडमना सगळं सांगितलं. त्या आधी गादीवर बसून खूप हसल्या, मग म्हणाल्या की आंटी, मी इतक्या जणांना शिकवते, पण आपलं शिकवणं खरं की खोटं हे तपासायला स्वतःचं हाड मोडून घेणारा हा पहिलाच. त्यांना म्हणावं, घाबरल्यावर सगळ्यांचंच डोकं रिकामं होतं, माझंही झालंय. म्हणूनच तर तेच ते पुन्हा पुन्हा करायचं. आणि मग म्हणाल्या, तुम्ही काय केलंत ते करून दाखवा. मी करून दाखवलं. त्यांनी मला दुसऱ्या दिवसापासून वर्गात यायला सांगितलं. (पत्राच्या सुरुवातीच्या त्या वाकण्याचा खुलासा हा.)

मॅडमचा निरोप मी ह्यांना सांगितला. ऐकून घेतला, कूस बदलली. काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो पार्वतीबाईंचा. त्या एका सकाळी ड्यूटीवरून परस्पर आमच्याकडे आल्या, चपला दारातच काढल्या आणि ह्यांच्या पलंगासमोर खुर्ची ओढून बसल्या. वॉर्डात एका पेशंटचा नातेवाईक पिऊन आला होता. आधीही यायचा, बोलायचा, बाकीच्या सिस्टर कडेनं जायच्या. त्या दिवशी त्यानं पार्वतीबाईंचं मनगट धरलं. पार्वतीबाई ओरडल्या. शेजारच्या वॉर्डातून माणसं धावत आली. पण ती पोचायच्या आत त्यानं हात सोडला होता आणि भिंतीला चिकटून उभा होता. मग त्याला बाहेर काढलं, तक्रार झाली, वॉर्डाला पहारेकरी मिळाला.

हे उठून बसले. त्यांचा पहिला प्रश्न, मनगट कसं सोडवलंत, डावीकडून की उजवीकडून. पार्वतीबाई म्हणाल्या, भाऊ, ते राहूनच गेलं की, मी नुसती वरडले. हे पुन्हा आडवे झाले. म्हणाले, मग त्यात कराटे कुठे आलं, ओरडता तर तुम्हाला आधीही येत होतं.

"येत हुतं," पार्वतीबाई म्हणाल्या. "पर लाज वाटायची ना भाऊ. चार माणसांत बाईमाणसानं वरडायचं कसं? तुमच्या गच्चीवर रोज वरडून वरडून ती लाज गेली."

मी चहा टाकला. पार्वतीबाई गेल्यावर ह्यांनी विचारलं, ड्रेस धुतलेला आहे का. मी कांजी घालून ठेवलेलाच होता.

आता शेवटचं, परीक्षेचं. प्लास्टर निघाल्यावर पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आली. आम्ही दोघंही बसलो, पोरांच्या रांगेत. बाहेरून एक म्हातारे परीक्षक आले होते. मी पास झाले. हे नापास. आवाज उत्तम, ताकद उत्तम, पण सगळं उलटं. जिथे उजवा हात तिथे डावा, जिथे डावा पाय तिथे उजवा. तेव्हा उलगडा झाला. मॅडम मुलांकडे तोंड करून दाखवतात, आणि हे मागच्या रांगेतून आरशात पाहावं तसं त्यांच्या बाजूची नक्कल करत होते. मॅडमचा उजवा तो ह्यांचा डावा. मॅडम जपानीत डावं-उजवं ओरडतात, ती ह्यांना प्रकारांची नावं वाटली. मग मॅडमनी मला विचारलं, तुम्ही तर अंकलकडून शिकलात, तुमचं बरोबर कसं. विचार करून त्याच म्हणाल्या की अंकल गच्चीवर तुमच्याकडे तोंड करून शिकवत असणार. म्हणजे ह्यांनी उलटं शिकलेलं आम्ही पुन्हा उलटं शिकलो आणि ते सुलटं झालं. बेगम बाजारात मी 'दुसऱ्या' बाजूला कसं ओढलं, याचाही निकाल त्यातच लागला. अख्ख्या गच्चीवर चुकीचं करणारे एकटे तुमचे बंधू.

मला वाटलं, पुन्हा ड्रेस कपाटात. पण त्या संध्याकाळी हे जिलेबीचा मोठा पुडा घेऊन कॉलनीत घरोघर फिरले आणि प्रत्येक दारात सांगितलं की माझी विद्यार्थिनी पहिल्या झटक्यात पास झाली. ते स्वतः नापास झालेत हे मी कुणाला सांगू नये म्हणून तोंड बंद ठेवून मागे उभी होते, तर तेही त्यांनीच सांगितलं, आणि मॅडमचं ते उलट्याचं सुलटं इतक्या अभिमानानं समजावलं की नागोराव म्हणाले, साहेब, तुम्ही नापास झालात म्हणूनच या पास झाल्या. हे म्हणाले, तेच तर.

तर आक्का, हाताचं हे असं आहे. हाड नीट जुळलंय, वाटी धरताना आता कापत नाही. कराटेचा उपयोग होतो की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, पण ह्यांचं आता भेंडीकडे लक्ष नसतं, एवढा उपयोग मी स्वतः पाहिला. तेजश्रीचा नमस्कार. तिला हे पत्र वाचता येत नाही (मराठी अक्षरं जोडता जोडता दमते), म्हणून तिच्याबद्दल काय लिहिलंय ते तिला सांगू नये. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
भामा

ता. क. मुख्य लिहायचं राहिलं. नापास झाल्यापासून ऋचा मॅडमनी ह्यांना वेगळं बोलावून डावं-उजवं पक्कं करून घेतलंय. आता ते सगळं अगदी बरोबर करतात. आणि गच्चीवर पुन्हा वर्ग घ्यायचा म्हणतात, आमच्याकडे तोंड करून. म्हणजे आता आम्ही सगळ्या उलटं शिकू. पार्वतीबाई आणि बाकीच्याही आता पिवळ्या पट्ट्याला बसणार आहेत, त्यांची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ह्यांना हे समजावून सांगायचा आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केला, पण ज्यांनी आता कुठे बरोबर करायला सुरुवात केली त्यांना तुमचं बरोबर आहे म्हणून चूक होईल असं कसं सांगायचं. तरी परीक्षा होईपर्यंत ह्यांना उदगीरला ठेवून घ्यावं, ही हात जोडून विनंती. शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवू द्या, पण त्यांना मुलींकडे पाठ करून उभं करा. हेडमास्तरीणबाईंनी सांगितलं तर ऐकतील.

ता. क. दुसरा. तुम्ही नाही म्हणाल असं वाटत नाही, कारण टपालाचा भरवसा नसल्यानं हे पत्र ह्यांच्याच हाती देते आहे. तुम्ही वाचत असाल तेव्हा ते समोर बसून पोहे खात असतील. चेहरा गंभीर ठेवावा. काय लिहिलंय असं विचारलंच तर तब्येतीचं लिहिलंय म्हणावं. आणि त्यांनी मनगट धरायला सांगितलं तर भाऊजींना पुढे करावं.